धम्मानंदची अर्धी कॉइल

चूर्णाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा. त्याच्याभोवती तांब्याची बारीक तार, वेढ्याला वेढा लागून, अर्ध्यापर्यंत. सुटं टोक उडू नये म्हणून वर चिकटपट्टीचा तुकडा.

*

"पाय घसरला, बाई. सेफ्टी टँकच्या खड्ड्यात पडला, डोक्याले दगड लागला. नव्या बांधकामावर असं होत राहते," हवालदार म्हणाला.

*

रामटेकच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, रोवणीला, भाताच्या लावणीला, उतरलेल्या बाया मागे मागे सरकत जातात. रोवलेलं डोळ्यांसमोर राहतं, न रोवलेलं पाठीशी. कुणी दोरी लावत नाही. ओळी तरी सरळ येतात.

*

शेजारच्या नत्थूजीच्या बकऱ्यांनी धम्मानंदची लिंबाची रोपं बुडापासून खाल्ली. "पुढच्या वेळेस बकरी दिसली तं कापून खाईन," धम्मानंद म्हणाला. "मंग मी तुले कापतो," नत्थूजी म्हणाला. अख्ख्या लेआउटने ऐकलं.

*

एका ठेकेदाराची सब्बल, खणायची लोखंडी पहार, दुसऱ्याच्या साइटवर जाते आणि तिकडचीच होऊन बसते. म्हणून जो तो आपल्या हत्यारांना रंगाचा पट्टा मारतो. धम्मानंदचं घर बांधणाऱ्या दुर्गेश ठेकेदाराचा पट्टा हिरवा.

*

"ताई, तुझ्या आयटीआयमधली बारीक तार दे ना जराशी."

"कायले?"

"झाल्यावर सांगतो."

*

नाही सांगितलं. सांगायला तो उरला नाही.

तार

माया मेश्राम आयटीआयमध्ये मोटारचं वाइंडिंग शिकवायची. धम्मानंद तिचा धाकटा भाऊ, तिच्याच घरी, प्रतापनगरला राहायचा. मिहानच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर सुपरवायझर होता आणि मिहानच्या मागे नव्याने प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये स्वतःचं घर बांधत होता. कॉलम उभे राहिले होते, स्लॅब पडायचा होता. त्याच घराच्या मागे, टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात तो सकाळी सापडला.

त्याला आंघोळ घालताना मायाचा हात त्याच्या डोक्याच्या मागे गेला. दगड लागला की हाड चेचतं. इथे एक खाच होती. लांबट, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. तिने बोट त्या खाचेवरून एकदा फिरवलं आणि हात धुतला नाही.

साइटवर दुर्गेशची हत्यारं पडली होती. घमेली, फावडी, एक सब्बल. सब्बल कोरी होती. तिच्यावरचा हिरवा पट्टा अजून बोटाला लागत होता.

"जुनी कुठं गेली?" तिने विचारलं.

"गेली ना कुठंतरी. लेबर लोक नेतात, ताई. नाहीतर नत्थूजीच्या गोठ्यात पाहा," दुर्गेश म्हणाला.

हवालदाराने खाचेचं ऐकून मान हलवली आणि कागद मिटले. तेव्हा मायाला कळलं की आता हे काम तिचं आहे. तिला न्याय वगैरे नको होता. ज्याने भावाच्या मागून हात उचलला, त्याच्या पोटात गोळा यायला हवा होता. रोज, जेवताना, आंघोळ करताना, पोरांशी बोलताना. आणि शेवटी त्याने आपल्या पायांनी चालत येऊन स्वतःला दाखवून द्यायला हवं होतं.

घराच्या मागची जमीन धम्मानंदने बागेसाठी खणून भुसभुशीत करून ठेवली होती. काही पुरायचं तर तिथेच. आजूबाजूला सगळा मुरूम, कुदळ उसळते.

जमिनीतलं लोखंड सांगणारं यंत्र घरी करता येतं. माया ते करणार होती. आणि उघड्यावर करणार होती.

लोक

दुसऱ्याच दिवसापासून ती भावाच्या अर्धवट घराच्या ओट्यावर बसू लागली. बादली पालथी घातली, तिच्या तोंडाभोवती तार गुंडाळली, वेढे सुटू नयेत म्हणून जागोजागी दोऱ्याने बांधले, रिंगण हलकेच बादलीवरून उतरवलं. वर टेप. टेपवर अॅल्युमिनियमची फॉइल. सर्किटचं सामान सीताबर्डीच्या बाजारातून आणलं होतं. कानात घालायचा हेडफोन तिने मुद्दाम घेतला नाही. जुन्या रेडिओचा स्पीकर लावला. सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं.

पहिला आला नत्थूजी. हा सारा लेआउट एके काळी त्याचं शेत होता. आता शेजारच्या प्लॉटवर नवं घर, मागे बकऱ्या, आणि पुढे खाटेवर तो.

"काय करून राहिली वं बाई?"

"मेटल डिटेक्टर. जमिनीतलं लोखंड बोलून दाखवते."

"सोनं बी?"

"सोनं बी. पण मले सोनं नाही पाहिजे, काका. धम्माच्या डोक्यात घातलेली सब्बल पाहिजे."

नत्थूजी ओट्याला टेकला. "लोक म्हणत असन, नत्थूजीनं घातली."

"तुम्ही त्याले कापतो म्हणाले होते."

"रोज म्हणत होतो. तोही म्हणे. भांडायले बी माणूस लागते, बाई. आता कोणाशी भांडू, बकऱ्यायशी?" त्याने गुडघ्यावर थाप मारली. "हे पाह्य. खाली बसलो तं उठवायले दोघं लागते. तुह्या भावाचं घर आहे ना, तिथं हातहातभर अंतरानं सरकी टोबली आहे म्या. आता चप्पल घालायले वाकता येत नाही."

दुर्गेश मोटारसायकलवरून उतरला. गोरा, गोड बोलणारा, लेआउटमधल्या निम्म्या घरांचा ठेकेदार. नत्थूजीचं घरही त्याचंच काम. मागून त्याची बायको प्रेमलता चहा घेऊन आली. कॉलमला पाणी मारायचं काम तिचं. साइटच्या बाजूलाच त्यांची टिनाची खोली होती.

दुर्गेशने कॉइल उलटसुलट पाहिली. "ताई, फॉइल इथं जराशी सुटली. पुरी लावून देऊ?"

"राहू दे. दोन टोकं भिडली की हे बहिरं होते. तेवढी फट पाहिजेच."

"अन् खोल किती पाहते?"

"हातभर."

"आणि सगळीकडंच लोखंड असलं तं?" हे नत्थूजीने विचारलं. "बांधकामाची जागा आहे. खिळेबिळे असतेच ना."

माया थांबली. खोटं बोलता आलं असतं. तिने तिघांकडे एकेकदा पाहिलं आणि मोठ्याने, सावकाश, वर्गात बोलते तसं सांगितलं, "मंग हे वेडं होते, काका. कोणता खिळा अन् कोणती सब्बल, काही सांगत नाही. नुसतं बोंबलते."

प्रेमलताने रिकामे कप उचलले.

माया तिच्यासोबत खोलीपर्यंत गेली. खोलीच्या मागे मेथी आणि कांदे लावले होते, हिरव्या रेघा मारल्यासारखे.

"माहेर कुठलं तुझं?"

"रामटेकच्या पुढं, ताई. धानाचं गाव."

"आठवण येते?"

"कंबर आठवते." प्रेमलता हसली. मग हसू आवरलं. "धम्मानंद भाऊ चांगले होते. पाणी मारताना पाइप धरू लागत."

"त्या दिवशी होतीस का गं इथं?"

"स्वयंपाक करून राहिली होती," ती म्हणाली, आणि कप विसळायला वाकली ती वर पाहीचना.

आवाज

आयटीआयमध्ये दोन दिवस परीक्षा होत्या. माया परत लेआउटवर आली तेव्हा यंत्र पूर्ण होतं. काठी, काठीच्या टोकाला बादलीएवढं रिंगण, दांड्याला डबी, डबीला स्पीकर.

तिने ते भुसभुशीत जमिनीवर धरलं आणि ते ओरडलं.

एक पाऊल पुढे. ओरडलं. डावीकडे. ओरडलं. उजवीकडे, मागे, कोपऱ्यात, लिंबाच्या खोडक्याजवळ. थांबायचं नावच नाही.

तिने बोटांनी माती उकरली. खिळा. सेंट्रिंगचा, नवा, गंजाचा ठिपका नसलेला, उभा खुपसलेला. एका वितीवर दुसरा. पुढे अजून एक.

कुणीतरी जमिनीला लोखंड चारलं होतं.

माया तिथेच मातीत बसली आणि हसली. खूप दिवसांनी. ज्याच्या पोटात भीती नाही तो असले उद्योग करत नाही. सब्बल इथेच होती. आणि तिचा मालक जेवताना, आंघोळ करताना, मायाच्या यंत्राचा विचार करत होता.

तेवढ्यात दुर्गेश आरडाओरडा करत आला. "माझ्या खिळ्यांचं पोतं कोणी रिकामं केलं? दोन दिवस मी वर्धा रोडच्या साइटवर स्लॅब टाकून राहिलो, विचारा कोणाले बी. तिकडंच जेवलो, तिकडंच झोपलो. इथं पाहायले कोणी नाही."

तिने विचारलं. मिस्त्रीला, मिक्सरवाल्याला, डबा पोचवणाऱ्याला. खरं होतं. दुर्गेश दोन्ही दिवस तिकडेच होता.

मग खिळ्यांचं कोण म्हणालं होतं? नत्थूजी. सगळ्यांसमोर. त्याच्याच तोंडून आली होती ही युक्ती.

माया बकऱ्यांच्या गोठ्याकडे पाहत राहिली.

चुना

पण तिला घाई नव्हती. सूड घाईने घेतला की चुकीच्या माणसावर पडतो, आणि खरा माणूस मजेत जगतो. हे तिला परवडणारं नव्हतं.

तिने चुन्याची पिशवी आणली. जिथे जिथे यंत्र सर्वांत जोरात ओरडलं, नेमक्या त्या जागी बोटांनी चुन्याची चिमूट टाकली. उन्हं डोक्यावर आली, पाठ मोडली. मग ती बांबूच्या परांचीवर चढली आणि खाली पाहिलं.

. . . . . . .

. . . . . . .

. . . . . . .

ओळी. सरळ, दोरी न लावता सरळ. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत एक वीत, ओळीपासून ओळ एक वीत.

लपवणारा माणूस खिळे फेकतो. मुठी भरभरून उधळतो. ओळीत कोण लावतं?

ती उतरली आणि यावेळी खिळ्यांकडे नाही, पायांच्या ठशांकडे पाहू लागली. अनवाणी, लहान पाऊल. टाचेच्या ठशात खिळा होता. दुसऱ्या ठशातही. म्हणजे पाय आधी पडला, खिळा नंतर. लावणारा पुढे चालत गेला असता तर खिळा आधी आणि पाय नंतर पडला असता, माती दबून खिळा झाकला गेला असता. हा माणूस मागे मागे सरकत गेला होता.

नत्थूजी कपाशीवाला. सरकी हातहातभर अंतरावर टोबतात, एकेक बी खोचत, आणि त्याला तर चपलेपर्यंत वाकता येत नाही. एका वितीवर, वाकून, मागे सरकत, न पाहता सरळ: असा हात एकाच पिकात घडतो. धानात.

मायाने मान वळवली. टिनाच्या खोलीमागे मेथीच्या रेघा उन्हात चमकत होत्या.

अर्धी

प्रेमलताचं धम्मानंदशी वैर नव्हतं. मग ती हे कुणासाठी करेल? ज्याच्या घरात ती राहते त्याच्यासाठी. स्वतः दोन दिवस लांब, साक्षीदारांच्या गराड्यात राहायचं आणि काम बायकोकडून करून घ्यायचं.

पण का? दुर्गेश आणि धम्मानंद यांच्यात भांडण कुणी ऐकलं नव्हतं. नुसत्या ओळी दाखवून हवालदार हलला नसता. माया घरी आली, भावाच्या खोलीत गेली, आणि टेबलावरचा तो चूर्णाचा डबा हातात घेतला.

अर्धी कॉइल. तो गेल्यापासून तिने ती रोज पाहिली होती. त्याचा नाद म्हणून. आज पहिल्यांदा तिने ती वाइंडिंग शिकवणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिली.

सर्किट तेच लागलं असतं. मेटल डिटेक्टरच करत होता तो. पण एवढा लहान डबा कशाला? मोठं रिंगण खोल पाहतं. लहान रिंगण खोल पाहत नाही. ते जवळचं बारीक वेगवेगळं दाखवतं. गुप्तधन शोधणारा चूर्णाच्या डब्यावर तार गुंडाळत नाही. मग काय शोधत होता हा? जवळचं, बारीक, आणि कशाच्या तरी आत असलेलं.

तिने चिकटपट्टी सोडवली. जिथे त्याचा शेवटचा वेढा संपत होता तिथे बोट दाबून धरलं आणि पुढे गुंडाळू लागली. त्याचे वेढे तिच्यापेक्षा जरा सैल होते. आपले घट्ट आवळताना तिला तो फरक बोटांना कळत होता, आणि कुठे तो संपला व कुठे ती सुरू झाली हे त्या डब्यावर कायमचं दिसणार होतं. तिने न थांबता वेढे पूर्ण केले. टेप, फॉइल, फट.

सकाळी तिने लहान कॉइल घराच्या कॉलमवर टेकवली आणि सावकाश फिरवली. एका कोपऱ्यात लोखंडी सळाख बोलली. पुढच्या कोपऱ्यात बोलली. तिसऱ्या कोपऱ्यात काहीच नाही. चौथ्यात काहीच नाही. दुसरा कॉलम: तेच. सळाखींना बांधायच्या रिंगा तर बुडाशी होत्या, वर पत्ताच नव्हता. चारांऐवजी दोनच सळाखी, बाकी आत नुसती सिमेंट-रेती उभी होती.

ती नत्थूजीकडे गेली. "काका, तुमच्या घराचा कॉलम पाहू द्या."

तिथेही तेच. नत्थूजी खाटेवरून उठायला धडपडला. "म्हणजे माहं घर..."

"कोणाले सांगू नका. रविवारपर्यंत."

धम्मानंदचा स्वभाव तिला माहीत होता. पाठीमागे बोंब मारायची नाही. आधी तोंडावर सांगायचं, मग जगाला. कॉइल पुरी व्हायच्या आधीच त्याला संशय आला असणार, आणि त्याने जाऊन दुर्गेशला सांगितलं असणार की मी मशीन करून राहिलो, तुझे सगळे कॉलम तपासणार आहे.

एवढं ऐकवल्यावर धम्मानंदने त्याच्याकडे पाठ करायला नको होती.

रविवार

तिने हवालदाराला चहाला बोलावलं. लेआउटची माणसंही आली, कारण नत्थूजीच्या पोटात काही राहिलं नव्हतं.

चुन्याचे ठिपके अजून होते. माया त्यांच्या कडेला उभी होती. हातात काठी, काठीला लहान कॉइल.

"दुर्गेश, तू धर."

"मी? मले काय येते, ताई?"

"चालायचं तं येते ना. दोन ओळींच्या मधून जाय. सरळ."

सगळे पाहत होते. त्याने काठी घेतली. पहिल्या दोन ओळींमधून तो चालला. यंत्र गप्प. लोकांमध्ये कुजबुज झाली.

"ऐकलं?" माया हवालदाराला म्हणाली. "खिळे ओळीत आहेत. ओळीच्या मधात काही नाही. मोठ्या कॉइलमध्ये सगळं एकत्र बोंबलत होतं; ही लहान आहे, मधून जाते. खिळे उधळले असते तर मी जन्मभर शोधत बसली असती. ओळीत लावले, म्हणून मधातली जागा मोकळी राहिली. जिथं मोकळ्या जागेत आवाज येईल, तिथं खिळा नाही. तिथं दुसरं काही आहे."

दुर्गेशने हे ऐकलं. दुसऱ्या वाटेने तो हळू चालला. तिसऱ्या वाटेने आणखी हळू. लिंबाच्या खोडक्याच्या अलीकडे आला, आणि त्याचा हात वर गेला. कॉइल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत उचलली गेली. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा खाली आली.

"वर काहून उचलली गा?" नत्थूजीने खाटेवरून विचारलं.

"हात दुखून राहिला."

"मागे ये," माया म्हणाली. "दोन पावलं. अन् खाली धर."

तो हलला नाही. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि काठी खाली दाबली. त्याचा हात थंड होता आणि तिला ते आवडलं. यंत्राने लांब, भरीव सूर काढला. थांबला नाही.

सकाळीच तिने ही जागा शोधून ठेवली होती. त्याच्या हातून वाजायला हवी होती, एवढंच.

दुर्गेशने यंत्राकडे पाहिलं नाही, हवालदाराकडे पाहिलं नाही. त्याने गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"फेकायले सांगितले होते तुले," तो म्हणाला. "ओळीनं काहून लावले वं?"

तोंडातून गेलेलं त्याच्या ध्यानात यायला क्षण लागला. बाकीच्यांना तेवढाही लागला नाही.

"हात तसाच चालते," प्रेमलता म्हणाली.

दोन मजुरांनी माती काढली. घाईत पुरलेलं खोल नसतं. जुनी सब्बल, हिरवा पट्टा घासून फिका झालेला, टोकाला मातीत चिकटलेले केस. हवालदाराने ती रुमालात धरली, आणि आधी मिटलेले कागद त्याला आठवले असावेत, कारण तो मायाच्या डोळ्यांत पाहत नव्हता.

"कॉलम पाहायले लोक आणतो म्हणे," दुर्गेश कुणाशीच बोलत नव्हता. "सगळ्या घरांचे. माझं काय राहिलं असतं?"

त्याला गाडीत बसवलं. मग हवालदार मायाजवळ आला आणि आवाज खाली आणला. "बाई, हिचं काय करू? नवऱ्यानं धाक घातला असन. घाबरून केलं. तुम्ही म्हणान तं खिळ्यांचं मी..." त्याने हाताने हवेत काहीतरी पुसलं.

प्रेमलता ऐकत होती. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. काही सांगायला तोंड उघडलं, आणि मायाचा चेहरा पाहून मिटलं.

मायाला ती खाच आठवली. बोटाखालची, सरळ. स्वयंपाक करून राहिली होती, म्हणाली होती ही. आणि खाली पाहून कप विसळले होते.

"लिहा," माया म्हणाली. "दोघांचं लिहा."

खिळे लावले गेले त्याच्या आदल्या दुपारी प्रेमलता सगळं सांगायला दोन बसगाड्या बदलून प्रतापनगरला मायाच्या घरी आली होती. माया परीक्षेवर होती आणि दाराला कुलूप होतं.